मागच्या सीटवरची झोप

फोन आला तेव्हा मी दुकानात एका म्हाताऱ्या बाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणाखणांत भरत होते. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला मी फार्मसिस्ट आहे, बरीच वर्षं झाली. जोडीला दुभाष्याचं काम करायचे. एजन्सीतली मुलगी म्हणाली, "मराठीचं काम आहे. कोर्टाचं. एक्स्ट्रॅडिशन. जमेल ना?" मी म्हटलं जमेल. न जमून सांगते कुणाला? या भागात मराठीच्या यादीवर आम्ही दोघीच, आणि दुसरीला नुकतं बाळ झालं होतं.

तोवर माझं दुभाष्याचं काम म्हणजे गुडघे, मोतीबिंदू आणि साखर. पुण्या-मुंबईहून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, मुलगा कामावर, सून कामावर, आणि बाबांना डॉक्टरला सांगायचं असतं की पोट साफ होत नाही. दुभाष्याचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'हे म्हणतायत की' असलं काही चालत नाही. त्यामुळे आजवर इंग्रजीत मला कितीतरी पुरुषांची मूळव्याध होऊन गेलेली आहे. दुसरा नियम, खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही. तिसरा, आपलं मत आपल्यापाशी. तिसरा नियम माझ्यासारखीला जड जातो, पण पाळला.

हे जे लिहितेय त्यात गावं इकडची तिकडे केलीत आणि नाव कुणाचंच नाही. कोण ते शोधत बसू नका, सापडणार नाही.

एक्स्ट्रॅडिशन म्हणजे तिकडे गुन्हा करून इकडे आलेल्या माणसाला धरून परत तिकडच्या सरकारच्या हवाली करणं. बातम्यांत ऐकताना विमान, बेड्या, कॅमेरे असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ते फायलींचं काम आहे आणि ते इतकं रेंगाळतं की मूळ गुन्हा काय होता ते मधेमधे विसरायला होतं. तिकडचं सरकार इकडच्या मंत्र्याकडे माणूस मागतं. मंत्री कागद कोर्टाकडे पाठवतो. कोर्ट माणूस दोषी आहे का हे बघतच नाही, तो पाठवण्याजोगा आहे का एवढंच बघतं. मग फाइल परत मंत्र्याकडे. हा देशही एकेकाळी इंग्रजांची वसाहत आणि आपलाही, त्यामुळे दोन्हीकडचा कायदा एकाच साच्यातून निघालेला. इथे तर अजून खटला राजाच्या नावानेच चालतो. साहेबाने जाताना आपल्याला रेल्वे आणि क्रिकेट दिलं म्हणतात. पळालेला माणूस एकमेकांना कुठल्या शिक्क्यानिशी परत करायचा, ही पद्धतही त्यानेच घालून दिली. ती मात्र कुणी आठवत नाही.

माणूस चाळिशी ओलांडलेला, सातारा बाजूचा. टौरंगाजवळ किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. इंग्रजी येत होतं त्याला. "कामापुरतं येतं ताई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "पण हे कायद्याचं डोक्यावरून जातं." मी हसून मान हलवली आणि गप्प बसले, कारण गप्पा मारायची आम्हाला मुभा नाही. तसा माणूसही बोलका नव्हताच. हात सतत मांडीवर, नखं अगदी स्वच्छ कापलेली. पॅकहाउसमध्ये तशी कापावी लागतात.

त्याच्यावरचा आरोप असा. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो, बायको आणि मुलगी असे तिघे नात्यातलं बारसं उरकून संध्याकाळी गाडीने घरी चालले होते. हायवेला एका गावाच्या फाट्यावर कडेने एक बाई चालत होती. शाळेत खिचडी शिजवायचं काम करायची, घरी निघाली होती. गाडीने तिला उडवलं. गाडी थांबली नाही. बाई पडल्यावरही काही वेळ जिवंत होती, असं तिकडच्या डॉक्टरांच्या कागदात होतं. कुणीतरी पाहिलं आणि दवाखान्यात नेलं, तोवर संपलं होतं. पोलिस फुटलेल्या दिव्याच्या काचेवरून गॅरेजपर्यंत आणि गॅरेजवरून याच्यापर्यंत पोचले. अटक, जामीन सगळं झालं. याचा न्यूझीलंडचा व्हिसा आधीच हातात होता. जामिनावर असताना हा बायकोमुलीला घेऊन विमानात बसला. गुन्हा लावला होता सदोष मनुष्यवधाचा.

त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. कुत्रं होतं असं वाटलं. अंधारत आलं होतं, काहीतरी आडवं आलं, कुत्रं असेल म्हणून पुढे गेलो. कोर्टात पहिल्यांदा हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा माझ्याच आवाजात ते ऐकताना मला कसंतरी झालं. मला वाटलं कुत्रं आहे. मी पुढे गेले. दुभाष्याचा 'मी' खोटा असतो हे मला माहीत आहे, तरीपण घरी येऊन मी आधी आंघोळ केली.

पुढे ते वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की काही वाटेनासं झालं. तारखा पडत गेल्या. जज बदलला. एकदा तिकडून आलेल्या कागदावर कुणाची तरी सही राहिली होती म्हणून सगळं महिनोन् महिने लांबलं. मग तुरुंगाचा विषय निघाला. इकडचं सरकार माणूस देताना विचारतं की ठेवणार कुठे? तिकडून उत्तर आलं, सोबत कोठडीचे फोटो. खिडकी आहे, पंखा आहे, वरच्या बाजूला हवा यायला जाळी आहे. मग इकडचे वकील त्या पंख्यावर दोन तास भांडले. तो चालतो का, वीज गेल्यावर काय, उन्हाळ्यात किती तापतं. मी सगळं त्याला मराठीत सांगत होते. तो मधेच हळूच मला म्हणाला, "आमच्या घरी पंखा नव्हता ताई, मी बारावीत गेलो तेव्हा आला." खोलीत बोललेलं सगळं सांगायचं म्हणून मी तेही इंग्रजीत सांगितलं. त्याच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

वकीलबाई इथल्याच, पन्नाशीच्या, भल्या. भेटल्या की "किया ओरा" म्हणून दंडावर हात ठेवायच्या. त्याही दमल्या होत्या. सगळेच दमलो होतो. सरकारी वकील तर शेवटी शेवटी मुद्दे अशा आवाजात वाचायचा की जणू वाण्याची यादी.

त्या माणसाला तुरुंगातच ठेवलं होतं, एकदा पळालेला म्हणून जामीन नाही. तारखेला बायको टौरंगाहून कायमाईचा घाट उतरून यायची, मुलीला बरोबर घेऊन. बायको एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर. गाडी नेहमी तीच चालवायची. नवऱ्याने या देशात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पाऊस असो, वारा असो, सायकलवर पॅकहाउसला जायचा, आणि लोकांना वाटायचं तब्येतीची हौस आहे. हे मला बायकोनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी येऊन बसायची आणि सुरू व्हायची. मी उठून दुसरीकडे बसले की तिकडेही यायची. माझ्यासाठी डब्यात पोळी-भाजी आणायची. घेता येत नाही म्हटलं की तिचा चेहरा इतका पडायचा की मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं. परदेशात दोन मराठी बायका एका बाकावर बसल्यावर एकीने डबा उघडायचा नाही, हा नियम ज्याने केला त्याला आपली माणसं माहीत नाहीत.

मुलगी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. नुकती अठरा पूर्ण झालेली, उंच, पायात कायम जँडल्स, म्हणजे रबरी चपला, थंडीतसुद्धा. कानात इअरफोन. तिला नर्सिंगला जायचं होतं.

"तिला काही कळत नाही हो," आई खुशाल मोठ्याने म्हणायची. "मराठी विसरली. सहा वर्षांची होती आलो तेव्हा, नुसती बडबड करायची, तोंड म्हणून बंद नसायचं. इथे शाळेत घातली आणि वर्षभरात जे इंग्रजी सुरू झालं ते झालंच. आता एक शब्द येत नाही." मग आवाज जरासा खाली आणून म्हणायची, "त्या दिवशी मागच्या सीटवर झोपलेली होती, नशीब. गाडी दणकली तेव्हा हलली, तर मी म्हटलं, कुत्रं होतं गं राणी, झोप. झोपली परत. तेवढं तरी देवाने राखलं आमचं."

हे ती मुलीसमोर बोलायची. तारखेमागून तारीख. नवऱ्याला काय होईल, किती वर्षं होतील, सासरचे काय म्हणतात, त्या बाईच्या घरी आता कोण आहे, सगळं. मुलगी फोनकडे बघत असायची, आणि आईचं झालं की इंग्रजीत विचारायची की डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन काही खायला आणू का.

माझ्या घरी असाच एक मुलगा आहे. पामर्स्टन नॉर्थला शिकतो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि उत्तर बरोबर त्याच प्रश्नाचं असतं. तेव्हा उत्तर इंग्रजीत आलं म्हणजे प्रश्न कळला नाही असं कुणी मला सांगू नये. पण बाकावर बसून मी ते बोलले नाही. मत आपल्यापाशी. आणि खरं सांगायचं तर मला त्या कुटुंबात आणखी शिरायचं नव्हतं. आधीच पुरे झालं होतं.

आता सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. माणसाला परत पाठवणं फार अन्यायाचं किंवा जाचाचं होणार असेल तर नकार देता येतो, असं कायद्यात आहे. इतकी वर्षं गेली, इथे संसार उभा राहिला, मुलगी इथे वाढली. वकीलबाई म्हणाल्या की आपल्याकडे उरलेलं बळकट असं तेवढंच आहे, आणि त्यातही मुलीचं प्रतिज्ञापत्र. ती अजाण होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, आता अचानक बाप गेला तर तिचं शिक्षण, तिचं मन, सगळं कोसळेल. जजवर परिणाम झाला तर यानेच होईल. नाहीतर माणूस जाणार. वकीलबाईंनी आईला विचारून मसुदा तयार केला. मुलगी म्हणाली सही करते, पण आधी बाबांच्या समोर वाचायचंय. परवानगी काढली. एकाच नातेवाइकाची मिळाली, म्हणून आई तुरुंगाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली.

खोली लहान होती. टेबल जमिनीला पक्कं केलेलं, खुर्च्या प्लास्टिकच्या. मुलीचा फोन आणि इअरफोन दारावर काढून घेतले होते. तिचे कान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. बापासारखेच होते, जरा बाहेर आलेले. बाप आत आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समोर बसला. वकीलबाईंनी सांगितलं की या खोलीत जे बोलाल ते मला कळलं पाहिजे, म्हणून दुभाषी सगळं सांगेल. आणि त्या वाचायला लागल्या.

त्या इंग्रजीत वाचत होत्या आणि मी बापासाठी हळू आवाजात मराठी करत होते. मी अमुक साली इथे आले. मी अमुक शाळेत शिकते. माझे वडील मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचे. बाप मान हलवत होता. मग ते वाक्य आलं. घटनेच्या वेळी मी गाडीच्या मागच्या सीटवर झोपले होते आणि काय घडलं याची मला कल्पना नव्हती.

मुलीने टेबलावर हात ठेवला. वकीलबाई थांबल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मी झोपले नव्हते."

मराठीत म्हणाली. अगदी स्वच्छ, सातारी हेल असलेलं मराठी. पण ते सहा वर्षांच्या मुलीचं मराठी होतं. तिथेच थांबलेलं, पुढे वाढलंच नव्हतं. अठरा वर्षांची उंच मुलगी आणि तोंडात पहिलीतल्या पोरीची वाक्यं.

"आई म्हणाली कुत्रं होतं. मी मागच्या काचेतून बघितलं. ते कुत्रं नव्हतं बाबा. कुत्रं असा हात वर करत नाही." आणि तिने हात वर केला. खांद्यापर्यंतच. मग खाली घेतला. "तू सांग. तू सांगितलंस तर मी सही करते."

वकीलबाईंना शब्द कळले नव्हते, पण हात दिसला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणाली ती?

माझं काम तेवढंच होतं. मोजकीच वाक्यं होती, अवघड एकही नव्हतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. ती ते बापाशी बोलली होती, आणि मराठीत बोलली होती ती मुद्दाम, टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना बाजूला ठेवायला. तिच्या हिशेबात मी नव्हतेच. तिच्यासाठी इतके महिने मी भिंतीवरच्या घड्याळासारखी होते, तशी मी असायलाच हवी होते. आयुष्यात इतका राग मला कुठल्या नियमाचा आला नव्हता. हिला तरी यातून सोडा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि कुणाला सांगणार होते तेही कळत नव्हतं. वकीलबाईंनी पुन्हा विचारलं.

"सांगा ताई," बाप म्हणाला. "जसंच्या तसं सांगा."

मग मी सांगितलं. मी झोपले नव्हते. मी मागच्या काचेतून पाहिलं. कुत्रं असा हात वर करत नाही. तू सांगितलंस तर मी सही करते. माझा आवाज नीट होता, सवयीने नीट राहतो.

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या बापाला म्हणाल्या, आता यापुढे काही बोलू नका, मला आधी विचार करू द्या. मी ते मराठीत केलं. त्याने ऐकलं, आणि तो मुलीकडे बघून बोलला.

"मला आरशात दिसलं होतं."

मी इंग्रजी केलं.

"हात दिसला होता. तुझ्या आईला नाही दिसला, ती तुला थोपटत होती. मला दिसला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला होता बाळा. गाडी हळू झाली होती. मग मला वाटलं, विमानाची तिकिटं काढलेली आहेत."

मी तेही इंग्रजी केलं. मला आरशात दिसलं होतं. मी पाय काढला होता. मला वाटलं, तिकिटं काढलेली आहेत. इतके महिने मी त्याचं कुत्रं सांगत आले होते आणि आता हे. पण हे सांगताना मला आंघोळ करावीशी वाटली नाही.

मुलगी म्हणाली, "मग मी सही करू का?"

"नाही," तो म्हणाला. "तू आजपर्यंत झोपलीस माझ्यासाठी, तेवढं बास झालं. आता नको." मग वकीलबाईंकडे वळून, माझी वाट न बघता, आपल्या पॅकहाउसच्या इंग्रजीत त्याने सांगितलं की मी जातो, विरोध करायचा नाही. हे मला भाषांतर करावं लागलं नाही.

कागद तिथेच राहिला. वकीलबाईंनी तो दुमडून बॅगेत टाकला, सही न केलेला. बाहेर पडताना गार्डने मुलीचा फोन आणि इअरफोन परत दिले. तिने ते खिशात ठेवले, कानात घातले नाहीत.

त्यानंतर सगळं भराभर झालं, म्हणजे या कामाच्या मानाने भराभर. कोर्टात जजने त्याला वेगवेगळ्या शब्दांत विचारलं की स्वखुशीने जाताय ना, कुणाचा दबाव नाही ना, परिणाम कळलेत ना. प्रत्येक वेळी मी मराठीत विचारलं आणि तो हो म्हणाला, आणि मी हो म्हटलं. फाइल मंत्र्याकडे गेली, परत आली. आईला त्याने एवढंच सांगितलं होतं की मला आता सोसवत नाही. बाकावर ती मला म्हणाली, "खचला हो तो. पंख्याचे फोटो बघूनच खचला." मी हूं म्हटलं. या खेपेला तिने डबा उघडला तेव्हा मी अर्धी पोळी घेतली. घ्यायची नसते, माहीत आहे.

तिकडून दोन अधिकारी न्यायला आले. शेवटचा हुकूम त्याला वाचून दाखवायचा होता म्हणून मला बोलावलं होतं. तुरुंगातलीच दुसरी खोली. अधिकारी मराठीच, एक प्रौढ, एक तरुण, दोघांच्या अंगावर विमानतळावर घेतलेली असावीत अशी नवी जाकिटं. इथल्या थंडीने दोघांची नाकं लाल झाली होती. इथल्या पोलिसाने पहिला परिच्छेद वाचला, मी मराठीत सुरुवात केली, आणि प्रौढ अधिकारी अगदी अदबीने म्हणाला, "राहू द्या ताई, आम्ही सांगतो त्यांना." मग त्याच्याकडे वळून, "जेवलास का रे? विमानात लांबचं आहे, खाऊन घे काहीतरी." तो म्हणाला, जेवलोय साहेब. इतक्या महिन्यांत त्याच्याशी सरकारतर्फे कुणीतरी थेट बोललं ते असं. माझं काम संपलं होतं. मी माझ्या वेळेच्या कागदावर सही करून घेतली आणि निघाले.

पार्किंगमध्ये त्या दोघी होत्या. शेवटची भेट आधीच उरकली होती, पण तिथून आईचा पाय निघत नव्हता. मला बघून ती पुढे आली. रडून झालं होतं, आवाज बसला होता.

"गेला ना?"

"अजून आहेत आत. थोड्या वेळाने नेतील."

"कोण आलंय? बरे आहेत का?"

मला हेही सांगायची मुभा नव्हती. "जेवलास का विचारलं त्याला," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. मग तोंडाला पदर नसतानाही सवयीने हात तोंडाशी नेऊन म्हणाली, "माझं काय, मी काढीन दिवस. हिचंच वाटतं. पण एक बरं आहे बघा, त्या दिवसाचं हिला काही आठवत नाही. झोपलेली होती म्हणून. नाहीतर जन्मभर पोरीच्या डोळ्यांपुढे राहिलं असतं."

मुलगी गाडीच्या पलीकडे उभी होती, छपरावर कोपर टेकवून. कान मोकळे होते.

"हो आई," ती म्हणाली. "मी झोपले होते."

आईचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला. इतक्या वर्षांनी पोरगी तिच्याशी मराठीत बोलली होती. तिने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली. मग मुलगी वळसा घालून अलीकडे आली, आईच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली आणि म्हणाली, "तू मागे बस. आज मी चालवते."